पडत्या बाजारात सोन्याच्या खाणींचे शेअर: माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये माझा सगळा पोर्टफोलिओ लाल होता आणि त्यातली सगळ्यात लाल ओळ सोन्याच्या खाणींची होती. गंमत म्हणजे ते शेअर मी महिनाभर आधी घेतले होते ते बाजार पडलाच तर आधार असावा म्हणून. बाजार पडला, आणि आधार त्याच्याही पुढे धावत खाली गेला.

सोनं स्वतः औंसाला १,६८० डॉलरच्या आसपास होतं, ते १,४७० पर्यंत उतरलं. म्हणजे बारा-तेरा टक्के. मोठ्या खाण कंपन्यांचा ईटीएफ (अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र धरणारा, स्वतःही शेअरसारखा विकला जाणारा फंड), जीडीएक्स, तेवढ्याच दिवसांत चाळीसेक टक्के खाली. रात्री विक्रीची ऑर्डर भरून बसले होते. संख्या टाकली, भाव टाकला, शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. तेव्हा सुचलं, २००८ मध्ये काय झालं होतं ते तरी बघू.

२००८ चा आलेख याहून भयंकर निघाला. मार्चमध्ये सोनं पहिल्यांदा १,००० डॉलरच्या वर गेलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ७०० च्या घरात आलं. जीडीएक्सने तेवढ्यात दोन तृतीयांशांहून जास्त किंमत घालवली. कारण साधंच आहे. मार्जिन कॉल आला, म्हणजे उसन्या पैशावर घेतलेल्या शेअरांसाठी दलालाने आणखी पैसे मागितले, की माणूस जे विकायला हवं ते विकत नाही, जे विकलं जातंय ते विकतो. त्या आठवड्यांत खाणीचा शेअर हा आधी शेअर असतो, सोनं नंतर. पण पुढच्या वर्षाच्या अखेरीस तोच ईटीएफ तळापासून तिपटीच्या आसपास वर होता. मी ऑर्डर रद्द केली. धाडस वगैरे काही नव्हतं. आता विकून तोटा पक्का करण्यापेक्षा आधी समजून घेऊ, एवढंच.

मग तिमाही अहवाल उघडले. खरं तर हे आधी करायचं होतं. त्यात एक आकडा असतो: ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट, म्हणजे चालू खाण चालू ठेवायला एका औंसामागे येणारा खर्च. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने, म्हणजे सोन्याच्या खाण कंपन्यांच्या संघटनेने, २०१३ मध्ये ही मोजणी आणली. त्याआधी कंपन्या नुसती 'कॅश कॉस्ट', म्हणजे सोनं काढण्याचा रोजचा खर्च तेवढा, मिरवायच्या आणि सगळ्याच फायद्यात दिसायच्या. या आकड्यातही आयकर, व्याज आणि नव्या खाणीचा खर्च धरलेला नसतो, हे मला तळटीप वाचल्यावर कळलं.

वहीत गणित मांडलं. सोनं १,५००, खर्च १,०००, उरतात ५००. सोनं दहा टक्के चढलं तर उरतात ६५०, म्हणजे नफा तीस टक्के जास्त. दहा टक्के उतरलं तर ३५०. खर्च १,३०० असलेल्या कंपनीचं हेच गणित करून बघितलं आणि यादीतली तीन नावं तिथेच खोडली. फायद्याच्या धंद्याला आपण 'सोन्याची खाण' म्हणतो. ज्याने एकदा खाणीचा ताळेबंद वाचलाय तो हा शब्दप्रयोग जपून करेल. बऱ्याच उघड्या खाणींत एक टन दगड फोडून, दळून हाती लागतं ग्रॅम-दीड ग्रॅम सोनं. तो दगड वाहणारे डंपर डिझेल पितात. म्हणून तेव्हा तेलाचे भाव कोसळत होते ही माझ्यासाठी सोन्याच्या भावाइतकीच मोठी बातमी होती.

हाती उरलेल्या रोख पैशांचे चार भाग केले. दोन भाग कमी खर्चाच्या, कमी कर्जाच्या दोन मोठ्या कंपन्यांत, एक जीडीएक्समध्ये, आणि एक हातात. पहिला हप्ता गुंतवल्यावर भाव आणखी पडला आणि दोन दिवस मी स्क्रीन उघडलीच नाही. २३ मार्चला अमेरिकेच्या केंद्रीय बँकेने, फेडरल रिझर्व्हने, बाजारात पैसा ओतायला लागतील तितके रोखे घेऊ असं जाहीर केलं आणि वारं फिरलं. तरी धाकधूक होतीच, कारण लॉकडाउनमुळे दक्षिण आफ्रिकेत, पेरूत, मेक्सिकोत खाणींचं काम थांबत होतं. भाव चढतोय आणि विकायला माल नाही, असंही होऊ शकतं. एकाच देशात सगळ्या खाणी असलेली कंपनी मी तेव्हापासून घेत नाही.

हातातल्या चौथ्या भागाची मात्र मी माती केली. वर जाताना चुकल्याची हळहळ असतेच, त्या भरात एक छोटी कंपनी घेतली. खाण अजून बांधून व्हायची होती, उत्पन्न शून्य, सादरीकरण देखणं. तिने पडत्या भावात नवे शेअर काढून पैसे उभे केले. माझे शेअर होते तितकेच राहिले. कंपनीच्या एकूण शेअरांची संख्या मात्र नऊ कोटींवरून चौदा कोटींवर गेली, म्हणजे माझा वाटा तेवढा पातळ झाला. पुढे सोनं चढलं, ती चढली नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये सोनं २,००० च्या वर गेलं, जीडीएक्स मार्चच्या तळापासून दुपटीहून अधिक. मी काहीच विकलं नाही. मार्चमध्ये न विकल्याचं इतकं कौतुक वाटत होतं की 'न विकणं' हीच मोठी अक्कल आहे असं धरून बसले. २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत सोनं त्या शिखरापासून साधारण पाचव्या हिश्शाने उतरलं आणि जीडीएक्स निम्म्याहून खाली आला. डिझेल महागलं होतं, मजुरी वाढली होती, अहवालांतला तो औंसामागचा खर्च दर तिमाहीला वर सरकत होता. मी तो वहीत दर तिमाहीला लिहीतही होते. नुसता लिहीत होते.

आता त्याच पानावर सोन्याचा भाव आणि खर्च यांतला फरक वेगळ्या रकान्यात लिहिते. तो सलग दोन तिमाही आटला की त्या कंपनीतला तिसरा हिस्सा काढून घेते, शेअरचा भाव काहीही असो. छोट्या कंपनीचे शेअर अजून खात्यात आहेत. मागच्या तिमाहीत तिने पुन्हा नवे शेअर काढले.