दाखवायला गाडीच नाही

परवा दुपारी पलासियाच्या सिग्नलला पुढ्यात एक जुनी फियाट उभी होती. प्रीमियर पद्मिनी म्हणायला हवं, पण आमच्या इंदुरात तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत आले. डिकीच्या कोपऱ्यात बोटभर पत्र्याची पट्टी. त्यावर विकणाऱ्या शोरूमचं नाव आणि पाच आकडी फोन नंबर. नाव घासून गेलेलं, नंबर मात्र शाबूत.

मला ही खोडच आहे. लोक गाडीचा रंग बघतात, मॉडेल बघतात, मी मागे कोणत्या शोरूमचं नाव आहे ते वाचतो. रामबागेतल्या माणसाच्या गाडीवर भोपाळचं स्टिकर दिसलं की उगाच राग येतो. इथे काय गाड्या मिळत नाहीत?

तशा नव्हत्याच मिळत म्हणा. लहानपणी पाहिलेल्या शोरूममध्ये मोठी काच होती, कूलर होता, कंपनीचं कॅलेंडर होतं, लोखंडी टेबलावर एक जाडजूड रजिस्टर होतं. फक्त गाडी नव्हती. एखादी दिसलीच तर ती आधीच कुणाची तरी झालेली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार, आणि मालक खजराण्याच्या गणपतीला न्यायच्या घाईत. तेवढ्यात काचेला नाक लावून बघून घ्यायचं. मग चौकीदार ओलं फडकं घेऊन यायचा, आधी आम्हाला हाकलायचा, मग नाकाचे ठसे पुसायचा.

बाबांनी 1978 साली पाचशे रुपये भरून बजाज चेतक बुक केली. पावती गोदरेजच्या कपाटात, आईच्या मंगळसूत्राच्या डबीखाली. तिच्यावर चार आकडी नंबर. पगार झाला की बाबा एम.जी. रोडवरच्या त्या दुकानात चौकशीला जायचे, मला बरोबर घेऊन. शेटजींसमोर ते असे बसायचे, जसे मुलीकडचे मुलाकडच्यांपुढे बसतात. खुर्चीच्या कडेवर. शेटजी रजिस्टर न उघडताच म्हणायचे, "मास्साब, नंबर आएगा तो चिट्ठी आएगी." मग अर्धा कप चहा, आणि आम्ही पायी घरी.

ऑन, म्हणजे ठरलेल्या किमतीवर वरचे पैसे, दिला तर दुसऱ्या दिवशी स्कूटर मिळायची हे सगळ्या वाड्याला माहीत होतं. बाबांना ते पटत नव्हतं आणि तेवढे पैसेही नव्हते. दोन्ही कारणं खरी, पण घरात पहिलंच सांगितलं जायचं.

आजोबांना या सगळ्याची गंमत वाटायची. त्यांनी इंदूरच्या यशवंतराव होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग मोटार रस्त्यावरून जाताना पाहिली होती. 1935ची, चॅसी अमेरिकेची आणि बॉडी लंडनला बांधलेली. त्यानंतर कुठलीच गाडी त्यांच्या डोळ्यांत भरली नाही. मी एकदा विचारलं, "महाराजांचा नंबर किती वर्षांनी लागला होता?" आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

1983च्या डिसेंबरात मारुती आली. समोरच्या काकांनी बुकिंगचे दहा हजार आधीच भरले होते म्हणे, आणि वाड्यातले लोक काही दिवस त्यांच्याशी जरा जपून बोलत. बाबांचं मत एका शब्दाचं होतं, "डबा." पुढे घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर पीथमपूरला कायनेटिक होंडा बनायला लागली. बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही. आई म्हणाली, "हीच घेऊ या ना, आपल्या इथलीच आहे." बाबा म्हणाले, "इतकी वर्षं धरलेला नंबर सोडायचा?" बजाजची आकुर्डीची स्कूटर यायची होती आणि आम्ही तिची वाट बघत होतो, बस्स.

चिठ्ठी आली 1986 साली. रंग विचारायची पद्धत नव्हती, निघेल तो. आमचा शेवाळी निघाला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गाडी उठवायला गेले. शेटजींनी हात पुढे केला तशी बाबांनी पावती काढली आणि ती देताना क्षणभर घुटमळले. "ये मैं रख लूँ?" शेटजी म्हणाले, "अब इसका क्या करोगे मास्साब, गाड़ी तो मिल गई." आणि पावती तारेच्या खिळ्याला टोचली.

सिग्नल कधी सुटला कळलंच नाही. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. फियाट धूर सोडत गीताभवनकडे निघून गेली आणि तो पाच आकडी नंबर मी तिथेच विसरलो.

बाबांचा मोबाइल नंबर मला कधीच पाठ नव्हता. ते गेल्यावर एका फॉर्मवर भरायची वेळ आली तेव्हा फोनमध्ये शोधावा लागला. पावतीवरचे चार आकडे मात्र अजून तोंडपाठ आहेत. इथे लिहिले असते, पण माझ्या एटीएमचा पिन तोच आहे.