फर्नांडिनाचा पाणकावळा : गालापागोसमध्ये छोट्या बोटीवर आठ दिवस

गालापागोस बेटांवर फिरायची बोट ठरवताना केबिनचे फोटो नंतर बघा, आधी नकाशा बघा. ताईने आणि मी दोन महिने दरपत्रकं चाळली आणि शेवटी कामाला आला तो हा एकच निकष. कुठल्या बोटीने कुठल्या दिवशी कुठल्या बेटावर माणसं उतरवायची हे तिथलं राष्ट्रीय उद्यान ठरवून देतं. कप्तानाच्या मनात आलं म्हणून वाट बदलत नाही. एकदा गेलेल्या जागी बोटीला चौदा दिवसांच्या आत पुन्हा जाता येत नाही, म्हणून बहुतेक बोटी आलटून पालटून दोन वेगळ्या फेऱ्या करतात. आपण कुठली फेरी घेतो त्यावर काय दिसणार ते ठरतं. अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी बघायचे असतील तर आग्नेयेचं एस्पान्योला बेट हवं आणि तेही साधारण एप्रिल ते डिसेंबरमध्ये. आम्ही पश्चिमेची फेरी घेतली, इसाबेला आणि फर्नांडिनाची, सप्टेंबर महिन्यात.

पश्चिमच का, तर तिथली जमीन अजून तयार होते आहे. ही बेटं दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून जवळजवळ हजार किलोमीटर लांब, भर पॅसिफिकमध्ये आहेत. पृथ्वीच्या पोटात एक हॉटस्पॉट, म्हणजे लाव्हा वर येत राहणारी तप्त जागा आहे आणि त्याच्यावरून नाझ्का भूपट्ट पूर्वेकडे सरकतो आहे. त्यामुळे पूर्वेची बेटं जुनी, झिजलेली आणि पश्चिमेची कोवळी. इसाबेलावरचा वुल्फ ज्वालामुखी जानेवारी २०२२ मध्ये जागा झाला होता, फर्नांडिनाचा ला कुंब्रे मार्च २०२४ मध्ये. आपल्या दख्खनचा कातळही भारत असाच एका हॉटस्पॉटवरून सरकत असताना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. ताईने शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. हे सगळं ती फळ्यावर खडूने काढत आली होती. निवृत्तीनंतर ते डोळ्यांनी बघायचं, एवढ्यासाठी ती एकेक पैसा बाजूला टाकत होती.

जायचं कसं ते सांगते. मुंबईहून युरोपमार्गे इक्वेडोरची राजधानी क्विटो, तिथून देशांतर्गत विमानाने गालापागोसमधलं बाल्ट्रा बेट. बोट सुटायच्या आधी क्विटोत किंवा ग्वायाकिलमध्ये दोन रात्री नक्की ठेवा. आमची एक बॅग एक दिवस उशिरा पोचली. तो जादा दिवस नसता तर ताई आठ दिवस माझ्या कपड्यांवर राहिली असती, कारण बोट कुणासाठी थांबत नाही. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते, तेव्हा सावकाश घ्या.

देशांतर्गत विमानतळावर आधी वीस डॉलरचं ट्रान्झिट कार्ड घ्यावं लागतं आणि मग सामानाची जैवसुरक्षा तपासणी होते. फळं, बिया, ताजं आलं, कढीपत्ता, माती लागलेले बूट, काहीही चालत नाही. बूट घरीच ब्रशने घासून न्या, तळव्याच्या खाचांतसुद्धा आपल्या अंगणाची माती राहू देऊ नका. बाहेरून आलेल्या ब्लॅकबेरीने आणि मुंग्यांनी या बेटांचं काय केलंय ते तिथे गेल्यावर कळतं. बाल्ट्राला उतरल्यावर उद्यानाची फी भरायची. परदेशी प्रौढ माणसाला ती ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर आहे. नोटा हाताशी ठेवा. इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलरच आहे, पण गावातल्या दुकानांत शंभराची नोट मोडून द्यायला कुणी तयार नसतं. पाच-दहाच्या नोटा भरपूर न्या.

आमची बोट सोळा माणसांची, आठ केबिनची. नियमाप्रमाणे सोळा माणसांमागे एक गाईड लागतो आणि तो उद्यानाचा परवाना असलेलाच असतो. शंभर माणसांची जहाजंही आहेत. त्यांवर हेलकावे कमी लागतात, वयस्कर माणसांना सोयही जास्त असते. पण सोळा जणांच्या बोटीवर तिसऱ्या दिवसापर्यंत स्वयंपाक्याला माहीत होतं की ताईला अंडं चालतं, मासा नाही. शाकाहारी असाल तर हे बुकिंग करतानाच लेखी कळवा. बेटांवर भाजी मुळात बेताची, आणि बोटीवर किराणा फेरी निघायच्या आधीच भरलेला असतो. आम्हाला डाळ, भात, तळलेली केळी आणि भरपूर फळं मिळाली. लोणच्याचं बंद पाकीट नेलं होतं, ते तपासणीच्या फॉर्मवर लिहून दाखवलं होतं.

केबिन शक्यतो बोटीच्या मधल्या भागातली मागा. खालच्या मजल्यावरच्या केबिन स्वस्त असतात, तिथे इंजिनाचा आवाज येतो, पण बोट तिथे कमी डुलते. जुलै ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो आणि लांबचे टप्पे रात्री पार करतात. पहिल्या रात्री ताईला बोट लागली. गोळी तिने मळमळायला लागल्यावर घेतली आणि तीच चूक झाली. दुसऱ्या दिवसापासून रात्रीच्या जेवणाआधी, बोट सुटायच्या तासभर अगोदर गोळी घेतली आणि पुढचे सगळे दिवस ती मुलासारखी झोपली. गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

बोटीवरून किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीला तिथे सगळे पांगा म्हणतात. पांगात चढता-उतरताना खलाशाचा पंजा धरायचा नाही. त्याचं मनगट आपण धरायचं, आपलं मनगट त्याने. ओला हात पंजातून सुटतो, मनगटातून सुटत नाही. चौसष्ट वर्षांची ताई दिवसातून सहा-सात वेळा अशी चढली-उतरली, एकदाही घसरली नाही. गुडघे दुखत असतील तर घडीची काठी न्या, खडकांवर फार उपयोग होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा इंजिन बंद होतं. आम्ही इसाबेलाच्या उत्तर टोकाला वळसा घालून आलो होतो, म्हणजे रात्री झोपेत दोनदा विषुववृत्त ओलांडलं होतं. इसाबेला बेट नकाशावर समुद्रघोड्यासारखं दिसतं आणि पुंता विसेंते रोका हे त्याच्या तोंडाशी आहे. काळ्या कड्याखाली पाणी गडद हिरवं होतं. इथे खोल समुद्रातला थंड प्रवाह बेटांच्या भिंतीवर आपटून वर येतो आणि येताना अन्न घेऊन येतो, म्हणून विषुववृत्तावर पेंग्विन राहू शकतात. थंड म्हणजे खरंच थंड. पोहताना जाड वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालूनही वीस मिनिटांत माझी बोटं बधिर झाली. वेटसूट बोटीवर भाड्याने मिळतो, पण पहिल्याच दिवशी घालून बघा आणि चेन तपासा. माझ्या पहिल्या सूटची चेन अर्ध्यातच अडकत होती. मास्क मात्र स्वतःचा न्या.

पाण्यात डोकं घातलं आणि खाली कासवंच कासवं. मी दहापर्यंत मोजली आणि मोजणं सोडून दिलं. एक कासव शेवाळ खाता खाता माझ्या पोटाखालून गेलं. मी हात अंगाशी घट्ट धरून तरंगत राहिले, कारण दोन मीटरचं अंतर ठेवायचा नियम आहे. प्राणी स्वतः जवळ आला तर आपण स्थिर राहायचं किंवा मागे सरायचं.

दुपारी फर्नांडिना. या बेटावर एकही वस्ती नाही आणि गावांतून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहली इथवर पोचत नाहीत. त्यासाठी राहती बोटच हवी. पुंता एस्पिनोझाला खारफुटीच्या आडोशाला पांगा लागला आणि समोर लाव्हा. दुधावरची साय चमच्याने सरकवली की तिला वळ्या पडतात ना, तशा काळ्या दगडाच्या वळ्या, थेट समुद्रापर्यंत. ताई वाकली, तळवा त्या वळ्यांवर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, एवढी वर्षं मी मुलांना सांगायचे, कल्पना करा म्हणून."

त्या दगडावर समुद्री इग्वाना एकमेकांवर रचल्यासारखे पडले होते, शेकडो. रंग इतका दगडाचा की पाय टाकायच्या आधी प्रत्येक वेळी खाली बघावं लागतं. हे सरडे समुद्रात उतरून शेवाळ खातात आणि अंगातलं जादा मीठ नाकातून फवारतात. सगळीकडून फुस्स, फुस्स असा आवाज येत असतो आणि वाळलेल्या मिठाची पांढरी टोपी प्रत्येकाच्या डोक्यावर. गाईड पुढे, आम्ही एकामागोमाग एक, पांढऱ्या-काळ्या खांबांनी आखलेल्या वाटेवरून. त्या खांबांबाहेर पाऊल टाकायचं नाही.

वाटेच्या टोकाला पाणकावळा होता. ठाण्याच्या खाडीत बांबूवर बसून पंख वाळवणारा पाणकावळा आपण लहानपणापासून बघतो. हा त्याचाच भाऊबंद, पण अंगाने खूप मोठा आणि उडता न येणारा. इथे जमिनीवर पाठलाग करणारं कुणी नव्हतं आणि खाणं किनाऱ्यालगतच्या पाण्यात होतं, तेव्हा पिढ्यानपिढ्या पंख आखूड होत गेले. जगात हे पक्षी फक्त फर्नांडिनावर आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहेत. नर पाण्यातून वर आला, चोचीत लालसर शेवाळाचा ओला गुच्छ होता. तो ठेचकाळत, दगडांवरून उड्या मारत घरट्याशी गेला आणि गुच्छ मादीपुढे धरला. तिने तो घेतला, घरट्याच्या कडेला खोचला, काढला, पुन्हा दुसरीकडे खोचला. मग नराने पंख पसरले. विरळ पिसांचे, फाटक्या छत्रीसारखे दोन तुकडे. उडण्यासाठी त्यांचा काही उपयोग राहिलेला नाही, पण वाळवायची सवय शाबूत आहे. आम्ही खांबाच्या अलीकडे उभ्या होतो. त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, निळे डोळे, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

ही निर्भयता या प्राण्यांना फार महागात पडली आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी इथली राक्षसी कासवं एक लाखाहून जास्त नेली असा अंदाज आहे. अन्नपाण्यावाचून ती महिनोन्‌महिने जगतात, म्हणून ताजं मांस म्हणून त्यांना जिवंतपणी तळघरात उलटी रचून ठेवत. पिंता बेटाचं शेवटचं कासव, लोनसम जॉर्ज, २४ जून २०१२ रोजी गेलं. म्हणून गाईड "मागे या" म्हणाला की फोटोसाठी आणखी अर्धा मिनिट मागू नका. आमच्यातल्या एकाने मागितलं, आणि गाईडने सगळ्यांसमोर त्याला नाही म्हटलं. ते मला फार आवडलं. फ्लॅश आणि ड्रोन तर घरीच ठेवा.

चौथ्या दिवशी उर्बिना बे. १९५४ मध्ये इथला समुद्रतळ सुमारे पाच मीटर वर उचलला गेला. आज तुम्ही झुडपांतून चालता आणि वाटेत कोरडी प्रवाळं पडलेली असतात. टेगस कोव्हच्या कड्यांवर १८३६ पासूनच्या जहाजांची नावं रंगवलेली आणि कोरलेली दिसतात. चढण दमवणारी आहे, टोपी आणि पाणी हवंच. पाचव्या दिवशी एलिझाबेथ बेच्या खारफुटीत पांग्याचं इंजिन बंद करून वल्हवत नेलं. तिथे बोलूच नका, कासवांचा श्वास ऐकू येतो.

सहाव्या दिवशी फ्लोरिआना बेटावर पोस्ट ऑफिस बे. देवमाशांच्या शिकाऱ्यांनी इथे पत्रांसाठी पिंप ठेवलं होतं आणि ती रीत अजून चालू आहे. आपलं पत्र तिकिटाशिवाय पिंपात टाकायचं आणि आपल्या गावाकडचं एखादं असेल तर घेऊन स्वतः पोचवायचं. जाताना दोन-तीन पत्रं लिहूनच न्या, तिथे वेळ थोडा मिळतो. आम्ही गठ्ठा चाळत बसलो. जर्मनी, जर्मनी, कॅनडा, जपान, आणि मग ताईच्या हातात ठाण्याचा पत्ता आला.

सातवा दिवस सांताक्रूझचा. उंचावरच्या गवतात मोकळी फिरणारी कासवं आणि डार्विन संशोधन केंद्र. पोर्तो अयोराच्या मासळीबाजारात कोळणीच्या पायाशी सी-लायन मांजरासारखा वाट बघत बसतो, तिथे अर्धा तास नक्की काढा. आठव्या दिवशी सकाळी बाल्ट्रा.

खर्चाचं म्हणाल तर या आठ दिवसांसाठी आम्हाला आलेली दरपत्रकं माणशी साडेतीन हजार ते साडेसात हजार डॉलरपर्यंत होती. विमानखर्च आणि फी वेगळी. खलाशी आणि गाईड यांच्यासाठी शेवटी रोख बक्षिसी द्यायची पद्धत आहे, ती हिशेबात धरा. भारतीय पासपोर्टसाठी व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा विमानाचं तिकीट काढायच्या आधी वकिलातीकडून खात्री करून घ्या, आणि युरोपात विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही विचारा. एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नका. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. इक्वेडोरहून परतताना ते नसेल तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवू शकतात. मुंबईला उतरल्यावर आमच्याकडे कार्ड मागितलं. ताईने पर्स उघडली, तर कार्डाच्या आत ते ठाण्याचं पत्र नीट घडी करून ठेवलेलं होतं.

येत्या रविवारी सकाळी आम्ही दोघी ते द्यायला जाणार आहोत.