दिवाडीचं निळं शीड

कळंगुटच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वाळूत दर दहा पावलांवर कोणीतरी जेट स्कीचा भाव सांगतो, नाही म्हटलं की तोच भाव उतरवून सांगतो, आणि रात्री शेजारचा डीजे. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल जावं.

मित्र म्हणाला, दिवाडी बेटावर माझे मामा-मामी आहेत, जाऊन ये. जुन्या गोव्याहून फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि फेरी सुटेपर्यंत उन्हात उभं राहायचं सुखही फुकटच. पलीकडे उतरलं की शेतं, खारफुटी, जुनी घरं. एकही फलक तुम्हाला काही विकत नाही.

मामा निवृत्त मास्तर. मी पोहोचलो तेव्हा पडवीभर निळी ताडपत्री पसरलेली होती आणि मामा तिच्यावर गुडघे टेकून खडूने रेघ मारत होते. मला वाटलं पावसाळ्याची तयारी. "छे, शीड आहे," मामा म्हणाले. "तो डबल साइड टेप घे आणि बस इकडे." ओळख, चहापाणी, मुक्काम किती, सगळं नंतर.

दिवाडीच्या माणसाला शिडाचं वेड असणं तसं नवल नाही. नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' याच बेटावरच्या गोदीत बांधली गेली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. 'तारिणी'सुद्धा इथलीच. त्या बोटींची शिडं अर्थातच खास कापडाची. मामांची होडी दहा फुटी, प्लायवूडची, आणि म्हणणं असं की महागड्या कापडाला कात्री लावताना हात थरथरतो, ताडपत्रीला लावताना नाही. वाकडं कापलं गेलं तर गोठ्यावर टाकायची.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. माझा समज होता की चौकोन कापायचा, कोपऱ्यांना दोऱ्या बांधायच्या, झालं. तसं मी बोलूनही दाखवलं. आतून मामी आल्या, मशीनचं तेल हाताला लागलेलं. "अरे, सपाट कापडाचा ब्लाउज कधी अंगाला बसतो का? टक्स नको घालायला?"

शिडाला पोट लागतं. सपाट कापड वारा पाठीमागून असेल तर ढकललं जाईल, पण वारा बाजूने आला की फडफडत बसेल. पोट असलं की वारा त्या गोलाईवरून वळतो आणि होडीला पुढे ओढतो. ते पोटही हवं तिथे नाही चालत. खोली शिडाच्या रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी आणि सगळ्यात खोल जागा मध्याच्या थोडी पुढे, डोलकाठीच्या बाजूला. म्हणून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत टक्स, म्हणजे कापड दुमडून शिवलेल्या चिमट्या: कडेला चार बोटं, आत निमुळते होत संपणारे. वरची कड तिरक्या काठीला बांधायची असते, ती सरळ न कापता किंचित फुगीर कापायची. सरळ काठीला ताणून बांधली की जास्तीचं कापड आपोआप पोटात उतरतं. मागची कड मात्र जरा आत घेतलेली, नाहीतर ती सारखी थडथडते.

मामींनी हे गणिताने नाही, चिमटीने ठरवलं. ताडपत्री उचलायच्या, कोपऱ्यात चिमटी घ्यायच्या, डोळे बारीक करून बघायच्या आणि मामांचा खडू पुसून टाकायच्या. मास्तर एक अक्षर बोलले नाहीत.

मग शिवण. पायमशीन, १८ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, कारण सुती दोरा खाऱ्या पाण्यात कुजतो. आधी टेपने घडी चिकटवायची, मग लांब टाक्यांच्या दोन ओळी. टाके जवळ घातले तर कापड त्याच रेषेवर फाटतं. टेपचा चिकटा सुईला लागतो, दर हातभर शिवणीनंतर सुई रॉकेलच्या बोळ्याने पुसायची. ते काम माझ्याकडे. दुपारच्या उकाड्यात, मच्छरांच्या संगतीत, रॉकेलच्या वासात. सुट्टी म्हणून आलेल्या माणसाला कामाला जुंपणारा असा पाहुणचार मी कुठे पाहिला नव्हता, आणि जेवणात उसळ, माशांचं हुमण असं काही होतं की तक्रारीला तोंड मोकळंच राहिलं नाही.

कोपऱ्यांना ताडपत्रीचेच तीन-चार थर आणि जुन्या दप्तराचा नायलॉन पट्टा, मग पितळी रिंगा. कडेच्या घडीत दोरी. सगळा ताण तिथे येतो, त्यामुळे कंजूषपणा करायचा तर बाकी कुठेही करा, कोपऱ्यात नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रावरचा वारा मांडवीतून वर चढायला लागला तेव्हा भरती होती. गुडघे हनुवटीला लावून मी होडीत बसलो. उंच माणसाने दहा फुटी होडीत बसू नये, हा सल्ला नाही, कळवळा आहे. शीड भरलं. कोपऱ्यापासून एक तिरपी सुरकुती आली, मामांनी काठीची दोरी बोटभर ओढली, सुरकुती गेली. टक्स जिथे होते तिथून निळं कापड गोल फुगलं आणि होडी वारा आडवा घेऊन काठ सोडून निघाली, इंजिनाशिवाय. काठावरून मामी ओरडल्या, "वरचा टक आणखी हवा होता!" मामा मला हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं, पण सांगू नको."

असं शीड फार टिकत नाही. गोव्याचं ऊन ताडपत्रीला भुगा करतं, कडा उसवण्याआधी कापडच पापुद्रे सोडायला लागतं. मामांचं हे कितवं तरी आहे. आधीची परसात लाकडांवर पडलेली दिसतात.

परत येताना शुक्रवार होता, म्हणून म्हापशाच्या बाजारात उतरलो. पांढरी ताडपत्री मिळाली नाही, बारा बाय पंधराची निळीच घेतली. दुकानदाराने विचारलं, "छपरावर घालायला?" मी हो म्हटलं. बस सुटायला दहाच मिनिटं होती, आणि माझं राहतं घर पुण्यात, तिथून जवळचं पाणी खडकवासल्याचं.