काकूंची उलटी तारीख

२०१० साली मी सांगलीत दोन-तीन छोट्या वेबसाइट सांभाळायचो. त्यातली एक गावभागातल्या एका वधू-वर सूचक मंडळाची होती. साइट मीच आधी कधीतरी बनवलेली, क्लासिक एएसपी या जुन्या वेब-तंत्रात, आणि मागे माहिती साठवायला अ‍ॅक्सेसची एकुलती एक एमडीबी फाइल. नाव, गोत्र, शिक्षण, पगार, अपेक्षा, सगळं त्या एका फाइलीत. तुळशीचं लग्न लागलं की साइटवर झुंबड उडायची आणि नेमकी त्याच आठवड्यात ती मान टाकायची. कागदावर अ‍ॅक्सेसला एका वेळी २५५ जण चालतात, फाइल २ जीबीपर्यंत वाढू शकते. प्रत्यक्षात आठ-दहा जणांनी एकदम फॉर्म भरला की फाइल लॉक. मग रात्री ती उतरवून घ्यायची, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर करायचं, म्हणजे आवळून दुरुस्त करायची, आणि देवाचं नाव घेऊन परत चढवायची.

शेवटी एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसवर जायचं ठरलं. मुहूर्त मंडळाच्या काकूंनी काढला, तोही पितृपक्षातला. "त्या पंधरवड्यात कोणी स्थळं बघत नाही. काय मोडतोड करायची ती तेव्हा कर. घटस्थापनेला मला साइट चालू पाहिजे." मंडळाचे अध्यक्ष, कार्यवाह वगैरे होते, पण मंडळ म्हणजे काकूच.

सकाळी नऊला त्यांच्याच ऑफिसात बसलो. डेटा चढवताना इम्पोर्ट मध्येच अडला. एका मुलाचं जन्मसाल १९८ पडलं होतं, शेवटचा आकडा राहून गेलेला. अ‍ॅक्सेसला सन १०० पासून पुढची कुठलीही तारीख चालते, एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाइम या तारखेच्या प्रकाराची सुरुवात मात्र १७५३ पासून. म्हणजे इतकी वर्षं आमच्या यादीत सातवाहनकाळातला एक वर उभा होता आणि कोणाला पत्ता नव्हता. काकूंनी फॉर्म काढून साल दुरुस्त केलं.

मग नेहमीचे घोळ. यादी उघडली तर एकही स्थळ दिसेना, कारण अ‍ॅक्सेसमध्ये 'हो' म्हणजे उणे एक आणि इकडे नुसता एक. माझ्या कोडमध्ये सगळीकडे उणे एक. ते बदललं. चाचणी म्हणून मराठीत एक नाव भरलं तर सहा प्रश्नचिन्हं उमटली. मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी एन हे अक्षर नसेल तर एसक्यूएल सर्व्हर देवनागरी गिळून टाकतो. तेही झालं. तारखेला अ‍ॅक्सेसमध्ये दोन्ही बाजूंनी हॅश (#) लागायचे, ते काढून अवतरणचिन्हं घातली, तर २३ तारखेचा जन्म भरल्याबरोबर एरर. सर्व्हर २३ हा महिना समजत होता. मी फॉर्ममधली तारीख तोडून साल-महिना-दिवस अशी सलग आठ आकड्यांत पाठवायला लागलो. एरर गेली. दुपारी डबा खाताना मी खूश होतो.

चारच्या सुमाराला लाइट गेली, आली, आणि काकूंनी त्या दिवशीचे तीन फॉर्म भरायला घेतले. दोन मिनिटांत हाक आली.

"अरे, हे बघ काय झालंय. तारखा उलट्या पडायला लागल्या."

फॉर्मवर ५ मार्च १९८४. स्क्रीनवर ३ मे १९८४. मी म्हटलं, "काकू, तुम्ही टाकलं काय?"

"शून्य तीन, शून्य पाच."

"म्हणजे तुम्हीच उलटं टाकलंत."

"मग? तुझ्या साइटला तसंच लागतं ना? बारापर्यंतची तारीख असली की उलटी टाकायची, तेराच्या पुढे सरळ. पहिल्या वर्षापासून तसंच करते मी."

मी काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. हॅशमधली तारीख अ‍ॅक्सेस अमेरिकन पद्धतीने वाचतो, आधी महिना. ०५/०३ दिलं की त्याचा ३ मे होतो. पण २३/०४ दिलं की तेविसावा महिना नसतो हे त्याला कळतं, आणि तो गपचूप उलटून २३ एप्रिल करतो. एरर नाही, काही नाही. एसक्यूएल सर्व्हर निदान भांडला तरी. काकूंनी हा नियम कुठलंही पुस्तक न वाचता शोधून काढला होता. आणि त्यांनी सुरुवातीला दोनदा मला फोन केलेला मला लख्ख आठवत होता. मी म्हणालो होतो, "लोक चुकीचं भरतात हो काकू."

म्हणजे काकूंनी भरलेल्या नोंदी बरोबर, आणि लोकांनी घरून स्वतः भरलेल्या चुकीच्या. सगळ्या नाहीत. बारा महिन्यांच्या पहिल्या बारा तारखा म्हणजे १४४ दिवस, त्यातले ५ मे, ७ जुलैसारखे बारा उलटूनही तेच राहतात. उरले १३२. वर्षाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. आणि नुसतं बघून कळायला मार्ग नाही, उलटलेली तारीखही खऱ्याइतकीच खरी दिसते. मंडळाचे गुरुजी साइटवरच्या तारखेवरून गुण जुळवून द्यायचे, हे आठवल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

नोंद कोणी केली हे सांगणारा एक कॉलम नशिबाने होता. घरून भरलेल्या नोंदींच्या तारखा एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एका हुकुमात, उलटवता आल्या असत्या. मी ती लिहिलीसुद्धा. काकू म्हणाल्या, "थांब. ज्यांचे फोन आले त्यांच्या मी दुरुस्त केल्यात."

टेबलाच्या खणातून दोनशे पानी वही निघाली. नोंदणी क्रमांक, नाव, आणि पुढे लाल पेनाने 'ता. फिरवली'. साडेपाचपासून त्या एकेक क्रमांक वाचत होत्या आणि मी वेगळ्या टेबलात भरत होतो. मध्ये दोनदा चहा झाला. काही नावांपाशी त्या थांबायच्या. "हिचं झालं लग्न, चिपळूणला असते." "हा अजून आहे." एका क्रमांकापाशी जरा जास्तच थांबल्या, मग काही न बोलता पुढचा वाचला. वहीतले क्रमांक वगळून मी क्वेरी चालवली तेव्हा नऊ वाजून गेले होते. पडताळ्याला वीसेक कागदी बायोडेटा काढले, जे लोकांनी नंतर पोस्टाने पाठवलेले. सगळे जुळले.

दुसऱ्या दिवशी मी तारखेचा खाना काढून टाकला आणि दिवस, महिना, साल अशा तीन वेगळ्या याद्या केल्या, महिन्याचं नाव मराठी अक्षरांत. काकूंनी चष्मा वर करून 'मार्च' निवडलं, ५ निवडलं, सेव्ह केलं, आणि आलेलं पान नीट वाचलं.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या. मग वही परत खणात टाकली, पण लाल पेन वरच ठेवलं.