मण्यारीची पेशंट ऐकत असते

भातलावणीच्या दिवसांत आमच्या आयसीयूत सर्पदंशाच्या केसेस येतातच. घोणस चावली की पाय सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं, घरच्यांनाही दिसतं काय झालंय ते. मण्यारीचं तसं नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. बऱ्याचदा ना दुखत, ना सूज येत. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, आणि श्वास तोकडा पडायला लागतो.

ही बाई तशीच आली. १०८च्या गाडीत अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत आणलेली. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, सर्पविषावरच्या लसीच्या १० कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. दुपारपर्यंत अंगाची एकही हालचाल राहिली नाही. बाहुल्या फाकलेल्या, टॉर्चच्या उजेडाला दाद नाही.

नवरा हात जोडून म्हणाला, "सिस्टर, घरी नेतो. श्वास आहे तोवर उंबऱ्याच्या आत जाऊ दे तिला." दीर खाटेच्या पायथ्याशी उभा राहून फोनवर बोलत होता, एवढ्या पावसात सुकी लाकडं कुठून आणायची म्हणून. माझं लक्ष मॉनिटरकडे गेलं. नाडी १४०वर पळत होती.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. त्या माणसांचा मला राग आला नाही. समोर जे दिसत होतं त्यावरून कुणीही तेच समजलं असतं. पण मण्यारीचं विष मेंदू बंद करत नाही. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप ते तोडतं. बाहुलीचे स्नायूसुद्धा त्यातच लुळे पडतात, म्हणून निव्वळ टॉर्च मारून या पेशंटचा निकाल लावता येत नाही. लस रक्तात फिरणारं विष धरते. नसांची टोकं मात्र आपल्या वेळेनेच भरून येतात, त्याला दिवस लागतात. तोवर श्वास मशीनने द्यायचा आणि बाकी सगळं आपण करायचं.

तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "ताई, मी सिस्टर. तुम्हाला मण्यार चावलीय. हातपाय हलत नाहीत ते विषामुळे, ते उतरणार आहे. घाबरू नका. ऐकू येत असेल तर पायाचं बोट हलवा."

काही नाही. तळव्याखाली हात धरून पुन्हा सांगितलं. जोडवं घातलेलं बोट माझ्या हातावर जरासं दाबलं गेलं. डॉक्टरांना हाक मारली, त्यांच्यासमोर पुन्हा हललं. नवऱ्याला आत बोलावलं. त्याने पाहिलं आणि तो तिथेच फरशीवर बसला. घरी न्यायची गोष्ट मग कुणी काढली नाही.

डॉक्टरांनी झोपेचं औषध थोडं सुरू केलं, कारण जागेपणी घशात नळी सोसणं फार अवघड. आम्ही दर दोन तासांनी कूस बदलायचो, डोळ्यांत मलम घालून पापण्या पट्टीने मिटायचो, तोंड पुसायचो. हे सगळ्याच पेशंटचं करतो. हिच्या बाबतीत प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायची असं ठरवलं. "ताई, आता सक्शन करते, बारीक नळी घालून कफ ओढते, ठसका लागेल, लगेच काढते." मावशीसुद्धा चादर बदलताना तिच्याशी बोलायच्या. नवऱ्याला मी सांगितलं, रडायचं ते बाहेर, इथे घरचं सांग. मग तो सांगायचा, लावणी शेजाऱ्यांनी उरकली, पोरं मामाकडे आहेत, म्हैस दूध देतेय.

हळूहळू पापणी उचलली, मग मान. नळी निघाली. आवाज घोगरा होता, पण पहिल्यांदा तिने लाकडांचंच काढलं. "मी म्हणत होते, अरे मी हाय, मी हाय." आणि मग म्हणाली, "तुमी सांगून नळी घालायच्या तवा मी तयार व्हायची. रातच्याला कुणी न सांगता घातली, तवा वाटलं आता जीव जातो."

हे मी इनचार्ज सिस्टरांना जसंच्या तसं सांगितलं. आता मण्यारीची केस आली की केसपेपरवर वरच लाल अक्षरात लिहितात, 'पेशंट शुद्धीत आहे, सांगून करा,' आणि ड्यूटी बदलताना हँडओव्हरमध्ये ते आधी वाचून दाखवतात.