बाहेरचा ब्रेक पॅड चांगला दिसत होता, आतला संपला होता – माझा अनुभव

महिनाभर गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता, तोही हळू चालवताना, भिंतीशेजारून गेलं की जास्त ऐकू यायचा, आणि ब्रेक दाबला की बंद. म्हणून आधी वाटलं खडा अडकला असेल. मोबाइलचा टॉर्च लावून चाकाच्या फटीतून बघितलं तर पॅड मस्त जाड दिसला, सहा मिमी तरी मसाला (पॅडचा झिजणारा थर) होताच, म्हणून सोडून दिलं. इथेच चुकलो, कारण त्या फटीतून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, आतला डिस्कच्या (चाकाबरोबर फिरणारी थाळी, पॅड तिलाच दाबतात) मागे असतो.

मग बोनेट उघडल्यावर ब्रेक ऑइलची लेव्हल खालच्या खुणेजवळ गेलेली दिसली. मी ऑइल ओतणारच होतो पण थांबलो ते बरं झालं. पॅड झिजला की त्याला दाबणारा पिस्टन थोडा बाहेर येऊन राहतो, त्याच्यामागची जागा ऑइलने भरते म्हणून वरची लेव्हल हळूहळू उतरते, आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की ती आपोआप वर येते, आधीच भरून ठेवलं असतं तर बाहेर सांडलं असतं आणि हे ऑइल पेंट खातं. (पॅड जाड असूनही लेव्हल उतरत असेल तर मात्र लीकेज शोधायचं, त्यात अजिबात उशीर करू नका.)

शेवटी सपाट जागेवर गाडी लावली, मागच्या चाकांना दगड, जॅक, खाली स्टँड आणि चाक काढलं. बाहेरचा पॅड सहा मिमी, आतला जेमतेम दोन! नव्या पॅडला साधारण १० ते १२ मिमी मसाला असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलायचा असं मी धरतो, मागची लोखंडी प्लेट त्यात मोजायची नाही, बरेच जण तिच्यासकट मोजतात. शिट्टी पॅडवरच्या पातळ पत्र्याची होती, मसाला संपत आला की तो डिस्कला टेकून वाजावा म्हणूनच लावलेला असतो. सगळ्या पॅडना तो नसतो, काही गाड्यांत सेन्सर आणि डॅशबोर्डवर दिवा असतो, आणि दोन्ही नसेल तर पुढचा आवाज थेट लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट, तोपर्यंत डिस्क गेलेली असते.

एकाच चाकात एवढा फरक का, तर कॅलिपरची (पॅड आणि पिस्टन धरणारी पकड) एक स्लाइड पिन सुकून जाम झाली होती. पिस्टन आतल्या बाजूला असतो, तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढतो, पिन सरकलीच नाही तर आतल्यावरच सगळा भार. नुसते पॅड बदलले असते तर परत तेच झालं असतं. पिना साफ केल्या, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावलं, पिनेवरचं फाटलेलं रबर बूट (आवरण) बदललं.

डिस्कचं ठरवायला जास्त डोकं लागलं. पाऊस पडून गेल्यावर येणारा लाल गंज काही नाही, दोन-चार ब्रेकमध्ये जातो. बारीक रेघाही चालतात. पण नख अडकेल अशी खाच, कडेपर्यंत गेलेली तडक, किंवा ब्रेक मारताना पेडल आणि स्टिअरिंग थरथरणं, हे असेल तर मोजायलाच हवं. कमीत कमी जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, माझ्यावर २० मिमी होती, नवी २२ ची. साधा व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला की कडेला न झिजलेली जी उंच किनार राहते तिच्यावर तो बसतो आणि जाडी जास्त दाखवतो, म्हणून दोन्ही बाजूंना सारखे वॉशर ठेवून मोजलं आणि त्यांची जाडी वजा केली. डावी २०.३, उजवी २०.६.

मेकॅनिक म्हणाला, ‘अजून लिमिटच्या वर आहे, लेथवर एक हात मारून देतो, चालेल.’ पण लेथवर घासून सपाट करताना दोन्ही बाजूंनी थोडं जरी गेलं तरी २० च्या खाली, आणि न मारता ठेवली तरी नवे पॅड संपायच्या कितीतरी आधी ती लिमिटखाली जाणार. पातळ डिस्क लवकर तापते, तडकायची भीती वाढते. म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क आणि चारही पॅड बदलले. एकाच बाजूचे बदलू नका, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते. मागचे पॅड तपासले, चांगले होते, तसेच ठेवले, ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं त्यामुळे पुढचे जास्त झिजतात.

नव्या डिस्कवरचा तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसला, आणि गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहिलो. हे विसरू नका, पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला ब्रेक लागतच नाही! मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ किमीपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत.

परवा ५००० किमी झाल्यावर चाक काढून परत मोजलं, आतला साडेनऊ, बाहेरचाही साडेनऊ.