सनईवादकाचा सोप्रानो

फोंड्यात मी सॅक्सोफोन शिकवतो. येणारी बहुतेक मुलं बँडमध्ये वाजवायला निघालेली असतात. म्हणूनच पन्नाशी ओलांडलेले एक सनईवादक सोप्रानो, म्हणजे लहान, उंच सुराचा सॅक्सोफोन, घेऊन आले तेव्हा मी हरखलो. देवळातल्या चौघड्यात आयुष्य गेलेलं, दमसास जबरदस्त, सूर पक्का. तक्रार एकच.

"सर, सूर लांबवून हलवायला गेलो की शेळी ओरडल्यासारखं होतं."

"वाजवा काका, बघू."

खरंच तसं होत होतं. मी त्यांच्या गळ्याला हलकेच बोटं लावली. कंठमणी थरथरत होता. हवा गळ्यातच अडत होती, सुटत होती.

कारण त्यांच्या जुन्या वाद्यात होतं. सनईची भोकं उघडी असतात, बोट सरकवलं की मींड येते, आणि पत्ती तोंडात असल्यामुळे ओठांनीही सूर वाकवता येतो. सॅक्सोफोनच्या भोकांवर पॅड बसतात. बोटांची वाट बंद झाल्यावर त्यांच्या शरीराने गळ्याची वाट काढली होती.

सॅक्सोफोनवर व्हायब्रेटो, म्हणजे लांबवलेल्या सुराचा हेलकावा, मुख्यतः जबड्यातून येतो. खालचा जबडा किंचित सैल सोडला की रीडवरचा, म्हणजे पत्तीवरचा, ओठाचा दाब कमी होतो आणि सूर उतरतो. जबडा परत जागेवर आला की सूरही परततो. पोटाच्या फुंकीनेही व्हायब्रेटो काढता येतो, बासरीवाले काढतात, पण त्यात सुरापेक्षा आवाजाचा जोर जास्त हलतो.

मी वाद्य बाजूला ठेवायला सांगितलं. नुसता माउथपीस. सोप्रानोच्या माउथपीसवर साधारण पांढरी एक लागावी. पेटीवर तोच सूर धरून ठेवला. काकांना हे लगेच पटलं. सनईमागे सूर्त, म्हणजे एकच सूर धरून ठेवणारं वाद्य, सतत वाजत असतो, त्याच्यावर कान ठेवायची सवय होतीच. मग मेट्रोनोम ६० वर, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. ठोक्याला एकदा जबडा सोडायचा, "या-या" म्हणताना सुटतो तितकाच. मग ठोक्याला दोनदा, तीनदा, चारदा. गळा मोकळा आहे ना, हे त्यांनी स्वतःच बोट लावून तपासायचं.

मधेच रीडने दगा दिला. जुलैच्या दमट हवेत टोकाला लाटा पडतात. ओली करून काचेवर दाबून बसवली.

वाद्य परत जोडल्यावर खरी गंमत झाली. जबडा आता हलत होता, पण फारच. सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा डावीकडे, उतरत्या बाजूला, कोसळून परत येत होता. मोठ्या टेनर सॅक्सोफोनवर जी हालचाल शोभते ती सोप्रानोवर सूर मोडते, कारण माउथपीस लहान, रीड लहान. हालचाल बघणाऱ्याला दिसली तर ती जास्त झाली, असं मी मानतो. मेट्रोनोम ७५ वर नेला, ठोक्याला चार, म्हणजे सेकंदाला पाच हेलकावे. काटा जेमतेम हलू लागला, तेव्हा सूर उजळला. काका थांबले, परत वाजवलं, परत थांबले. "आता गळ्यात काही नाही," म्हणाले.

मग मी त्यांना सिडनी बेशे ऐकवला. त्याचा व्हायब्रेटो रुंद आणि वेगवान, सोप्रानोला जॅझमध्ये मान मिळवून देणारा. पाठोपाठ स्टीव्ह लेसी, जवळजवळ सरळ सूर. दोघांचाही सोप्रानोच. काकांना लेसी जास्त भावला. मलाही सरळ सूर आधी हवा असतो. व्हायब्रेटो सुराच्या शेवटी, सूर पूर्ण ठरल्यावर यावा. पहिल्या क्षणापासून हलणारा सूर मला अजिबात सहन होत नाही.

जाता जाता त्यांनी भैरवाचा कोमल रिषभ काढला आणि त्यावर हेच हेलकावे घातले. ते जमेना. भैरवाचं आंदोलन संथ, त्यात गंधाराची ओढ, म्हणजे सुराला वर जायचंय. जबडा सैल सोडून सूर फक्त खाली जातो. वरची बाजू बोटांनीच आणावी लागेल, वाद्याची कळ अर्धवट उघडून. कद्री गोपालनाथ यांनी आल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीताची गमकं बसवली, तेव्हा वाट आहे हे नक्की.

पुढच्या तासाला काका येताना सनईही आणणार आहेत. रिषभ आधी तिच्यावर वाजवतील आणि तोच मग आम्ही सोप्रानोवर बोट-बोट शोधू.